धाब्यावरची खारी

आमच्या नशिराबादेस धाब्याची जी थोडी घरे अद्यापि उरली आहेत, त्यांपैकी एक आमचे आहे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि या सर्वांवर मातीचा जाड थर, अशी या छपराची साधी रचना असते. वर्षभर ऊन खाऊन हा थर भेगाळतो. म्हणून दर वैशाखात, खानदेशचे ऊन अगदी माथ्यावर आले असताना, मृगाच्या आत त्यावर खारी मातीचा नवा थर चढवावा लागतो. नियम धाब्यावर बसविणारे लोक जगात पुष्कळ आहेत; परंतु स्वतः धाब्यावर बसून खारी पसरणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. आमचा पुतण्या दरसाल म्हणतो, "काका, एकदाचा स्लॅब टाका आणि मोकळे व्हा." आमच्या मातुःश्रींचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे आहे. त्या यावर काहीच बोलत नाहीत. ओट्यावर बसून खारीच्या पाट्या तेवढ्या मोजतात.

धाब्याची ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी नेमके हेच काम आम्हांस टेबलाशी बसून, पंख्याखाली, संगणकावर करावे लागले. आणि ते करीत असता आमच्या हातून एक चूक घडली, जिची रुखरुख अजून गेलेली नाही.

आमचा व्यवसाय गणित शिकविण्याचा. गेली अठ्ठावीस वर्षे आम्ही महामार्गाने सुमारे दहा किलोमीटर जळगावास जातो, वर्गात फळा खडूने भरतो, आणि सायंकाळी परत येतो. संगणकाचा नाद आम्हांस तारुण्यात लागला आणि तो वयाबरोबर सुटावा तसा सुटला नाही. गावात एक लहानसे वाचनालय आहे. तेथील काही हजार पुस्तकांची यादी नोंदवह्यांत विखुरलेली होती. ती संगणकावर आणून तीत पुस्तक शोधता यावे, एवढी एक आज्ञावली आम्ही हौसेने लिहून दिली. ती लिहिली पीएचपी या भाषेत. रॅस्मस लेर्डॉर्फ याने स्वतःच्या सोयीसाठी जुळविलेली आणि १९९५ साली प्रसिद्ध केलेली ही भाषा पुढे जगभर पसरली. आणि तिचे स्वरूप बाजारात वाढलेल्या बोलीसारखे असल्यामुळे आमच्यासारख्या हौशी माणसास ती लवकर जवळची वाटते.

वाचनालयातील यंत्र मात्र जुने. त्यावर विंडोज एक्सपी आहे. ही प्रणाली २००१ सालची. तिची देखभाल तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. पीएचपीची ५.५ ही आवृत्ती २०१३ साली आली, आणि तेव्हापासून पुढची कोणतीही आवृत्ती एक्सपीवर चालत नाही. अर्थात् या यंत्राच्या नशिबी ५.४ ही शेवटची पायरी. इकडे आमच्या घरच्या यंत्रावर आठवी आवृत्ती नांदत होती. एकच आज्ञावली दोन्हीकडे चालवावयाची, म्हणजे आजी आणि नात यांच्याशी एकाच वाक्यात बोलावयाचे.

यावर संगणकवाल्यांची एक जुनी आणि शहाणपणाची युक्ती आहे. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आणि नावाने हाक मारताच काम करून देणारी कृती. भाषेच्या नव्या आवृत्तीत नवी फंक्शने तयार मिळतात. जुनीत ती नसतात. तेव्हा आज्ञावलीच्या प्रारंभीच विचारावयाचे : 'अमुक नावाचे फंक्शन येथे आहे काय?' असेल तर उत्तम, तेच वापरावे. नसेल तर त्याच नावाचे, तेच काम करणारे फंक्शन आपल्या हाताने लिहून तेथे ठेवावे. पुढची सर्व आज्ञावली मग निर्धास्तपणे त्या नावाने हाक मारते. ओ कोणी दिली, भाषेने की आम्ही, याची तिला वार्ताही नसते. ब्राउझरांच्या जगात अशा पूरक लेखनास 'पॉलिफिल' असे नाव आहे. रेमी शार्प या इंग्रज गृहस्थाने ते रूढ केले, आणि ते सुचण्यास कारण झाली विलायतेत भिंतींच्या भेगा बुजविण्यासाठी मिळणारी पॉलिफिला नावाची लुकण. हे वाचले तेव्हा आम्हांस हसू आले. लंडनच्या भिंतीस लुकण, तशी नशिराबादच्या धाब्यास खारी! आम्ही आमच्या त्या फायलीचे नाव 'खारी' असेच ठेवले.

आता आमची चूक. वैशाखातील सुटीत आम्ही आज्ञावलीत बऱ्याच सुधारणा केल्या. खारीच्या फायलीत अकरा फंक्शने लिहिली. घरच्या यंत्रावर ती तपासली. आणि एके सायंकाळी वाचनालय बंद होता होता सर्व फायली तेथल्या यंत्रावर घालून, घाईने, न तपासताच परत आलो. पुढे तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. फिरकलो तेव्हा वाचनालय सांभाळणारे आप्पा नोंदवही उघडून बसले होते, आणि यंत्रावर पांढरे पान होते. नुसते पांढरे, ना चूक, ना खुलासा.

"आप्पा, हे केव्हापासून?"

"तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, सर."

"अहो, मग कळविले का नाही?"

"म्हटले, सरांचे काही काम अर्धे राहिले असेल. वही आहेच की."

आप्पांचे वय सत्तरीच्या पुढे. यंत्र त्यांनी आमच्या भिडेखातर शिकून घेतले होते, आणि आमच्याच भिडेखातर ते बंद पडल्याचे त्यांनी सांगितले नव्हते. बोलता बोलता त्यांच्या तोंडून आणखी एक गोष्ट निघाली. गावातील एका शेतकऱ्याची मुलगी स्पर्धापरीक्षेसाठी अंकगणिताचे एक पुस्तक मागावयास दोनदा येऊन गेली. वहीत ते नाव आप्पांस सापडले नाही. अलीकडची पुस्तके केवळ यंत्रात नोंदविलेली, वहीत नव्हतीच. आणि तसे करण्याचा सल्लाही आमचाच. "नाही म्हणून सांगितले," आप्पा म्हणाले. आम्ही कपाटाशी गेलो. पुस्तक दुसऱ्या फळीवर होते. परीक्षा आदल्या रविवारी होऊन गेली होती.

मुलीचे काय झाले हे विचारण्याचे धैर्य आम्हांस त्या दिवशी झाले नाही. वर्गात शेकडो विद्यार्थ्यांना गणित शिकविल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने एका मुलीच्या आणि अंकगणिताच्या मध्ये पांढरे पान उभे केले, एवढे मात्र त्या रात्री झोपेतही विसरता आले नाही.

दोष कोठे होता? अकरा फंक्शनांत नव्हता. दोष होता एका चिन्हात. एखादी किंमत मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी घ्यावी, हे सांगण्यासाठी पीएचपीच्या सातव्या आवृत्तीने, म्हणजे २०१५ साली, दोन प्रश्नचिन्हे लागोपाठ लिहिण्याची सोय केली. सवयीने तीच आमच्या हातून पडली होती. फंक्शन हा शब्द आहे; कोशात नसेल तर आपण घालू शकतो. परंतु हे चिन्ह व्याकरणाचा भाग आहे. जुने यंत्र फाईल आधी संपूर्ण वाचते, तिचे व्याकरण लावते, आणि मगच पहिली आज्ञा पाळते. वाचतानाच ते अडखळले, तर 'अमुक आहे काय?' हा आमचा नम्र प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच सर्व संपते. खारी भेगा बुजविते. तुळईच बदलली असेल तर खारीचा इलाज चालत नाही. उपाय दोनच : सर्व लेखन जुन्या व्याकरणात करावे, अथवा नव्या व्याकरणाचा भाग वेगळ्या फायलीत ठेवून, यंत्राची आवृत्ती पाहिल्यावरच ती फाईल उघडावी. आम्ही पहिला मार्ग पत्करला. नव्या व्याकरणाचे जुन्यात भाषांतर करून देणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. पण एवढ्याशा कामास दुभाषा कशाला?

मग आम्ही ती अकरा फंक्शनेही पुन्हा तपासली, आणि तेथे दुसरा धडा मिळाला. एका वाक्यात दुसरा शब्द आहे की नाही, हे सांगणारे फंक्शन पीएचपीत २०२० साली आठव्या आवृत्तीबरोबर आले. त्यापूर्वी लोक 'शब्द कितव्या स्थानी आहे?' हे विचारून काम भागवीत. परंतु संगणकाची मोजणी शून्यापासून सुरू होते. शब्द अगदी आरंभी सापडला तर उत्तर येते शून्य; आणि मुळीच न सापडल्यास येते 'नाही'. जो लेखक शून्य आणि 'नाही' यांत भेद करीत नाही, त्याच्या यादीत 'नशिराबादचा इतिहास' असे नाव 'नशिराबाद' शब्दाने शोधल्यास सापडावयाचे नाही. शून्य म्हणजे अभाव नव्हे, हे आम्ही दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत आलो.

या भेदाची काळजी आम्ही घेतलीच होती. चुकलो दुसरीकडे. कोणी काहीच न लिहिता शोधाचे बटण दाबले, तर नवे फंक्शन म्हणते की रिकामा शब्द प्रत्येक वाक्यात आहे, म्हणून सर्व पुस्तके दाखवा. जुना मार्ग त्याच प्रसंगी कुरकुर करून 'नाही' म्हणतो, आणि यादी रिकामी येते. तेव्हा पूरक फंक्शन लिहावयाचे, तर मूळ फंक्शन नेहमी काय करते एवढेच पाहून भागत नाही; आडवेळी, विचित्र प्रसंगी ते काय करते हेही तसेच्या तसे उतरवावे लागते. बदलीवर आलेल्या शिक्षकाने मूळ शिक्षकाचा धडा तर पुढे न्यावाच, पण कोणत्या मुलास ऐकू कमी येते, हेही विचारून घ्यावे, त्यातलाच हा प्रकार.

मराठीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच नाजूक होते. आमच्या गावाचे नावच घ्या. 'नशिराबाद' या शब्दात अक्षरे किती? कोणतेही शाळकरी पोर सांगेल, पाच. पण संगणकाच्या स्मृतीत, नेहमीच्या युटीएफ-८ पद्धतीत, प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, आणि वेलांटी व काना ही स्वतंत्र चिन्हे समजली जातात. म्हणून पीएचपीचे सर्वांत जुने फंक्शन सांगते चोवीस. त्यानंतरचे सांगते आठ. आणि अक्षरसमूह ओळखणारे फंक्शन असेल तरच उत्तर येते पाच. लांब नाव रकान्यात बसविण्यासाठी आम्ही ते अमुक ठिकाणी तोडावे म्हटले, की जुने फंक्शन श आणि त्याची वेलांटी यांची ताटातूट करते, किंवा श चेच तुकडे करून तेथे एक काळे चौकट-प्रश्नचिन्ह उभे करते. जोडाक्षरांची कथा आणखी निराळी. 'क्षेत्र' हा शब्द युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे चार तुकड्यांचा होता; २०२३ साली १५.१ ही आवृत्ती आली आणि तीत देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम झाला, तेव्हा तो दोनांचा झाला. म्हणजे काल बिनचूक लिहिलेले पूरक फंक्शन आज, स्वतः न बदलताही, मूळाहून वेगळे उत्तर देऊ लागते.

आणि 'शेतकऱ्या'तील तो र! जोतीरावांनी १८८३ साली लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड' आमच्या यादीत होता, कपाटातही होता; पण शोधात येईना. कारण मराठीचा हा रफाराहून वेगळा, आडव्या वळणाचा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह येते. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार लिहिलेला मजकूर वाया जाऊ नये म्हणून हा प्रकार प्रमाणग्रंथाने मुद्दाम चालू ठेवला आहे. कागदावर दोन्ही एकसारखे. यंत्राच्या दृष्टीने मात्र एकमेकांचे कोणी नव्हेत. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. त्यास स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर लोक अ वर अर्धचंद्र चढवून निभावून नेत असत. शोधण्यापूर्वी हे सर्व प्रकार एका रूपात आणणारे फंक्शन कोणतीही भाषा तयार देत नाही. ते ज्याचे त्याने लिहावे लागते. त्यात आम्ही एक सोय आणखी केली. १९६२ साली शासनाने नवे लेखननियम स्वीकारले, तोपर्यंतच्या पुस्तकांच्या नावांत अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र आहेत. म्हणून शब्द आधी जसाच्या तसा शोधावा, आणि काहीच न सापडल्यास अनुस्वार वगळून पुन्हा शोधावा. आजच्या मुलाने आजच्या रीतीने लिहावे आणि आजोबांच्या काळचे पुस्तक त्याच्या हाती यावे, यापरते वाचनालयाचे काम ते कोणते?

हे सर्व आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्यास उत्साहाने सांगितले. तो पुण्यास याच धंद्यात आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, रागावू नका. पण तुमची मेहनत जुन्या यंत्राचे आयुष्य वाढविण्यात चालली आहे. ज्याची देखभाल थांबली, ते सुरक्षित नसते. एक नवे यंत्र घेतले की अकराच्या अकरा फंक्शने निरुपयोगी."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. देखभाल संपलेले यंत्र जाळ्यास जोडणे म्हणजे कडी नसलेले दार. म्हणूनच आम्ही त्या यंत्राची जोडणी पूर्वीच काढून टाकली होती. शिवाय प्रत्येक पूरक फंक्शन हे एक ऋण असते. ते कोणीतरी वाचावे लागते, तपासावे लागते, आणि कधीतरी फेडावे लागते. न फेडल्यास काय होते याचे उदाहरण जावास्क्रिप्टच्या इतिहासात आहे. मूटूल्स नावाच्या जुन्या संग्रहाने स्वतःचे एक फंक्शन भाषेच्या अंगावर 'फ्लॅटन' या नावाने चढविले होते. २०१८ साली भाषेने अधिकृतपणे तेच नाव घेऊ म्हटले, तेव्हा त्यामुळे जुनी संकेतस्थळे मोडतील असे दिसून आले. मोठा वाद झाला, आणि अखेर भाषेसच आपले नाव बदलून 'फ्लॅट' असे करावे लागले. भाडेकरूने दारावर लावलेली पाटी मालकास काढता येऊ नये, असा हा प्रसंग.

म्हणूनच त्या आरंभीच्या प्रश्नाचे महत्त्व. 'हे येथे आहे काय?' असे न विचारता आपले फंक्शन ठोकून दिले, तर नव्या यंत्रावर एका नावाचे दोन मालक होतात, आणि पीएचपी आज्ञावली तेथेच थांबविते. विचारून लिहिले, तर खरा धनी येताच आपले लेखन निमूटपणे बाजूस राहते. पूरक फंक्शनाचे सारे शील या एका प्रश्नात आहे. दुसरा नसेल तेथे उभे राहावे. तो आला की जागा द्यावी. आणि आपण उभे होतो याची आठवणही कोणास देऊ नये. पंचावन्न वर्षांच्या प्राध्यापकास हे तत्त्व फळ्यावर लिहिणे सोपे जाते, आचरणे तितके जात नाही.

यंदा फाल्गुनात त्याच विद्यार्थ्याने वाचनालयास एक नवे यंत्र पाठविले. आप्पांनी प्रथम विचारले ते हे की, "सर, माझी यादी तशीच दिसेल ना?" आम्ही आज्ञावली त्यावर चढविली. यादी तशीच दिसली. मग कुतूहलाने आम्ही खारीच्या फायलीत पाहिले. भाषेत ज्यांच्या जागा होत्या अशा दहा फंक्शनांपैकी एकही कामास आले नव्हते. प्रत्येकाच्या दारी प्रश्न विचारला गेला, प्रत्येक वेळी उत्तर 'आहे' असे आले, आणि आमचे लेखन जागच्या जागी झोपून राहिले. जागे होते ते फक्त अकरावे, ऱ आणि ॲ यांची समजूत घालणारे. कारण त्या कामास अजून कोणी धनी आलेला नाही. आम्हांस क्षणभर वाईट वाटले, हे लपवीत नाही. पण लागलीच त्या पांढऱ्या पानाची आठवण झाली, आणि वाईट वाटणे थांबले. या वेळी मात्र आम्ही आप्पांच्या शेजारी बसून तासभर प्रत्येक बटण दाबून पाहिले, काही न लिहिताही दाबून पाहिले, आणि मगच उठलो.

जुने यंत्र आप्पांनी टाकू दिले नाही. ते आतल्या खोलीत आहे, आणि त्यावरही यादी चालते. त्या मुलीची गाठ मध्यंतरी वाचनालयातच पडली. तिने दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा देण्याचे ठरविले आहे. पुस्तक तिने स्वतःच यंत्रात शोधले. आम्ही कोण हे तिला ठाऊक नव्हते, आणि आम्हीही सांगितले नाही. एवढेच विचारले की, "ताई, सापडले ना लवकर?" ती म्हणाली, "हो, लगेच."

पुतण्या यंदाही स्लॅबचे बोलला. मागल्या पडवीवर तो टाकावा असे आता ठरले आहे, आणि मातुःश्रींनी त्यास मान डोलाविली. माजघरावर मात्र या वैशाखातही खारी पडली. त्यांनी पाट्या मोजल्या, आणि आम्ही वर चढून पसरल्या.